हळदीचा रंग आणि रेणूंचा पीळ

मराठवाड्यांतील हिंगोली जिल्हा आज हळदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पूर्वीं हा भाग परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ रोजीं तो स्वतंत्र झाला. नामदेवांची नरसी, औंढ्याचें नागनाथाचें देवालय आणि वसमतची हळद ह्या तीन गोष्टींनीं त्याचें नांव महाराष्ट्रभर परिचित आहे. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. शेतांतून काढलेले गड्डे शिजवून, उन्हांत वाळवून आणि घासून गुळगुळीत केलेलीं हळकुंडें पोत्यांत भरून मोंढ्यांत येतात, तेव्हां घेणारा व्यापारी हळकुंड मोडून त्याचा रंग पाहतो आणि वास घेतो. रंगाची आणि वासाची ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु ह्या रंगांत आणि ह्या वासांत रसायनशास्त्राच्या दृष्टीनें एक विलक्षण भेद दडलेला आहे, आणि तो कोणत्याहि तराजूला कळत नाहीं.

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कुर्क्युमिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. सुक्या हळदीच्या शंभर भागांत ह्या द्रव्याचे साधारणतः दोन ते पांच भाग असतात. चुन्याचा स्पर्श होतांच तें लाल होतें; हळदीचें कुंकू होतें तें ह्याच गुणामुळें. वास मात्र हळदीतील उडून जाणाऱ्या तेलाचा असतो, आणि त्या तेलांत टर्मेरोन नांवाचें द्रव्य असतें. टर्मेरोनच्या रेणूला डावें आणि उजवें अशीं दोन रूपें संभवतात; हळदीचें झाड त्यांपैकीं एकच रूप तयार करतें. कुर्क्युमिनच्या रेणूला असा हात नाहीं. तो स्वतः आणि आरशांतील त्याचें प्रतिबिंब ह्यांत कांहीं फरक उरत नाहीं. असें असूनहि २००३ सालीं हंगेरीच्या बुडापेस्ट शहरांतील संशोधकांना एक नवल दिसून आलें. माणसाच्या रक्तांत अल्ब्युमिन नांवाचें एक प्रथिन असतें. त्याच्या द्रावणांत कुर्क्युमिन मिसळलें असतां, त्या प्रथिनाच्या पोटांत जाऊन बसलेला कुर्क्युमिनचा रेणु प्रकाशाशीं असा वागूं लागला, कीं जणूं त्यालाहि डावा-उजवा हात आहे. जो स्वतः हातावांचून जन्मला, त्याला हात कोठून आला? ह्या प्रश्नाचें उत्तर समजून घ्यावयाचें, तर सुमारें दोनशें वर्षांचा एक इतिहास पाहावा लागतो.

प्रथम ह्या 'हाता'चा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. डाव्या पायांतील जोडा उजव्या पायांत बसत नाहीं. तो कसाहि फिरविला तरी डाव्याचा उजवा होत नाहीं. आरशांत मात्र तो उजवा दिसतो. दोराच्या पिळाचेंहि असेंच आहे. श्रोत्यांनीं घरांतील एखादा पीळ घातलेला दोर हातांत घेऊन पाहावा. पीळ उजवीकडे चढत असेल, तर दोराचें वरचें टोंक खालीं केलें तरी तो उजवीकडेच चढतांना दिसतो. त्याची दिशा बदलण्याचा मार्ग एकच : तो उकलून पुन्हां उलट वळणें. ज्या वस्तूचें तिच्या प्रतिबिंबाशीं असें न जुळणारें नातें असतें, तिला ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन ह्यांनीं १८९३ सालच्या आपल्या व्याख्यानांत 'कायरल' असें नांव दिलें. हात ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे. मराठींत त्या गुणाला डावें-उजवेपण म्हटलें म्हणजे अर्थ पुरा होतो.

नांव १८९३ सालचें असलें, तरी गुणाचा शोध त्याहून जुना आहे. साध्या प्रकाशांत लहरींचीं कंपनें, प्रकाश ज्या दिशेनें जातो तिला काटकोनांत, पण सर्व बाजूंनीं होत असतात. कांहीं विशिष्ट स्फटिकांतून प्रकाश गेला, म्हणजे एकाच प्रतलांतील कंपनें शिल्लक राहतात. अशा प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात. १८११ सालीं पॅरिस येथें आरागो ह्या शास्त्रज्ञाला असें आढळलें, कीं गारेच्या स्वच्छ स्फटिकाची चकती वाटेंत धरली असतां हें प्रतल आपल्या जागेवरून फिरतें. पुढें १८१५ सालीं बियो ह्या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञानें हाच गुण टर्पेंटाइनच्या तेलांत आणि साखरेच्या पाकांतहि दाखवून दिला. योगायोग असा, कीं त्याच सालीं फोगेल आणि पेल्तिये ह्या दोघां रसायनज्ञांनीं हळदींतून तिचें पिवळें द्रव्य प्रथम वेगळें काढलें. एकाच वर्षीं जन्मलेल्या ह्या दोन गोष्टींची गांठ पडावयास पुढें १८८ वर्षें लागणार होतीं.

आरागोची गार आणि बियोची साखर ह्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. गार वितळवून तिची कांच केली, तर प्रकाश फिरविण्याचा तिचा गुण नाहींसा होतो. ह्याचा अर्थ असा, कीं गारेचा पीळ तिच्या कणांत नसून कणांच्या मांडणींत आहे; मांडणी मोडली, कीं पीळ गेला. साखर मात्र पाण्यांत पूर्ण विरघळून तिचा कण न्‌ कण सुटा झाला, तरी तिचा गुण कायम राहतो. म्हणजे साखरेचा पीळ तिच्या प्रत्येक रेणूच्या अंगींच असला पाहिजे. पीळ दोन ठिकाणीं राहूं शकतो : एक व्यक्तींत आणि दुसरा समुदायांत. ह्या विषयाचा पुढील सर्व इतिहास म्हणजे ह्या दोन पिळांचा परस्परांशीं काय संबंध आहे, ह्याचा शोध होय.

बियोच्या शोधाचा व्यवहारांत उपयोग झाल्यावांचून राहिला नाहीं. वसमतसारख्या ऊंस पिकविणाऱ्या भागांत साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत रसाचा नमुना एका नळींत भरून त्यांतून ध्रुवित प्रकाश सोडतात. प्रतल उजवीकडे जितकें अधिक फिरेल, तितकी रसांत साखर अधिक. कारखान्याच्या भाषेंत ह्या मापाला 'पोल' असें म्हणतात. गाळलेल्या उंसांतून साखर किती हातीं आली आणि किती वाया गेली, ह्याचा हिशेब त्या आंकड्यावर बांधला जातो.

रेणूच्या अंगीं डावें-उजवेपण कसें असतें, ह्याचा उलगडा होण्याची सुरुवात १८४८ सालीं झाली, आणि तीहि एका आंबट पदार्थापासून. चिंचेला जें आम्ल आंबटपणा देतें, त्याला टार्टारिक आम्ल म्हणतात. द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत त्याचाच खडा सांचतो. हें आम्ल ध्रुवित प्रकाश फिरवीत असे. परंतु त्याच घटकांचें बनलेलें दुसरें एक आम्ल प्रकाश मुळींच फिरवीत नसे. लुई पाश्चर त्या वेळीं अवघे पंचवीस वर्षांचे होते. ह्या दुसऱ्या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखालीं न्याहाळतांना त्यांना दिसलें, कीं ते एका जातीचे नसून दोन जातींचे आहेत. एक जात दुसरीचें आरशांतील प्रतिबिंब. त्यांनीं चिमट्यानें एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणानें प्रतल उजवीकडे फिरलें, दुसऱ्याच्या द्रावणानें तेवढेंच डावीकडे. दोन्ही सारख्या प्रमाणांत मिसळले, कीं फिरणें थांबलें.

ही वार्ता वृद्ध बियोच्या कानीं गेली, तेव्हां त्यांचा विश्वास बसेना. त्यांचें वय त्या वेळीं चौऱ्याहत्तर वर्षांचें होतें. त्यांनीं पाश्चरना बोलावून स्वतःजवळचीं द्रव्यें दिलीं आणि सर्व प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत पुन्हां करावयास लावला. निष्कर्ष तोच निघाला, तेव्हां त्या कठोर परीक्षकाला आनंद आवरला नाहीं. आयुष्यभर ज्या गुणाचा पाठपुरावा केला, त्याचें मूळ एका तरुणाच्या चिमट्यांत सांपडलेलें त्यांना पाहावयास मिळालें.

ह्यानंतर सव्वीस वर्षांनीं, १८७४ सालीं, हॉलंडचे व्हांट हॉफ आणि फ्रान्सचे ल बेल ह्या दोघां तरुणांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें ह्या गुणाचें कारण सांगितलें. कार्बनच्या अणूला चार हात असतात, आणि ते सपाट कागदावरील रेघांप्रमाणें नसून तिकोनी बैठकीच्या मनोऱ्याच्या चार टोंकांकडे पसरलेले असतात. त्या चारांना चार निरनिराळ्या वस्तू चिकटल्या, म्हणजे त्यांची मांडणी दोन प्रकारांनीं होऊं शकते, आणि ते दोन प्रकार डाव्या आणि उजव्या हातांसारखे असतात. टर्मेरोनमध्यें असा एक कार्बन आहे. कुर्क्युमिनमध्यें तो नाहीं.

व्यक्तींतील पिळाचा उलगडा असा झाला. समुदायांतील पिळाचा एक साधा आणि बोलका नमुना मात्र हिंदुस्थानांत तयार झाला. ज्या विद्युत्-लहरींच्या पाठीवरून नभोवाणीचा शब्द घरोघर पोंचतो, त्याच जातीच्या, परंतु फार आंखूड लहरींवर जगदीशचंद्र बोस हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्रयोग करीत होते. १८९८ सालीं त्यांनीं तागाचे धागे पिळून त्यांच्या लहान जुड्या केल्या; कांहींना उजवा पीळ दिला, कांहींना डावा. उजव्या पिळाच्या जुड्यांतून गेलेल्या लहरींचें प्रतल एका बाजूस फिरलें, डाव्या पिळाच्या जुड्यांतून गेलेल्यांचें दुसऱ्या बाजूस. दोन्ही सारख्या प्रमाणांत ठेवतांच परिणाम शून्य झाला. पाश्चरनीं चिमट्यानें निवडलेल्या स्फटिकांची ही जणूं तागांतील प्रतिकृति होती. ताग हा मूळचा सरळ. त्याला गुण आला तो पिळल्यामुळें. लहरीला वळविण्यास रचनेचा पीळ पुरेसा आहे, हें ह्यावरून कोणाहि डोळस माणसाच्या ध्यानांत यावें.

विसाव्या शतकाच्या मध्यावर असें दिसून आलें, कीं सजीवांच्या शरीरांत हे दोन्ही पीळ एकत्र नांदतात. १९५१ सालीं अमेरिकेंत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथिनाची सांखळी मळसूत्राप्रमाणें वळलेली असते, असें दाखविलें. तिच्या प्रत्येक वेढ्यांत सरासरी ३.६ दुवे असतात, आणि प्रत्येक दुवा एकाच, म्हणजे डाव्या, हाताचा असतो. १९५३ सालीं वॉटसन आणि क्रिक ह्यांनीं आनुवंशिक द्रव्याचें, म्हणजे डीएनएचें, दुपेडी मळसूत्र मांडलें. रोझॅलिंड फ्रँकलिन ह्यांच्या क्ष-किरण चित्रांचा त्यांना मोठा आधार होता. त्या मळसूत्राची जाडी दोन अब्जांश मीटर भरते. माणसाच्या डोक्याचा केस सुमारें ऐंशी हजार अब्जांश मीटर जाड धरला, तर एका केसाच्या रुंदींत असे चाळीस हजार दोर शेजारीं शेजारीं मावतील.

ह्याच सुमारास मद्रास विद्यापीठांत गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था हे कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. कातडी, हाडें आणि स्नायुबंध ह्यांना बळकटी येते ती ह्या प्रथिनामुळें. १९५४ आणि १९५५ सालच्या त्यांच्या निबंधांतून कोलॅजेनचा तिपेडी दोर जगापुढें आला. त्यांत प्रत्येक पेड डावीकडे वळलेला असतो, आणि तीन पेड मिळून होणारा दोर उजवीकडे वळतो. अंबाडीचा दोर वळणाऱ्या खेडुताला ह्यांत नवल वाटणार नाहीं. पेडाचा पीळ एका बाजूस आणि दोराचा पीळ उलट बाजूस असला, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात आणि दोर उकलत नाहीं, हें त्याच्या बोटांना ठाऊकच असतें. मद्रासच्या प्रयोगशाळेंत आणि मराठवाड्याच्या ओसरीवर युक्ति एकच. एका ठिकाणीं मात्र वळणारे हात दिसत नाहींत.

मग रेणूंचा दोर वळतो कोण? ह्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं कोणी वळीत नाहीं; तो आपला आपण वळला जातो. १९८७ सालीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें झां-मारी लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें एका सुंदर प्रयोगानें दाखविलें. त्यांनीं विशिष्ट घडणीचे लांबट रेणू तयार करून त्यांच्या द्रावणांत तांब्याचे विद्युत्‌भारित अणु सोडले. प्रत्येक तांब्याच्या कणाला चार बाजूंनीं पकड हवी असते, आणि एका रेणूला ती एकट्यानें पुरी देतां येत नाहीं. तेव्हां दोन रेणू येऊन तांब्याच्या रांगेभोंवतीं परस्परांना वेढा घालतात आणि दुपेडी मळसूत्र सिद्ध होतें. त्याच वर्षीं लेन ह्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक डोनाल्ड क्रॅम आणि चार्ल्स पेडर्सन ह्यांच्या समवेत मिळालें.

धातूचा कणाहि नसतां मळसूत्र होऊं शकतें. पुस्तकांची एक उभी चळत कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. प्रत्येक पुस्तक खालच्यावर बरोबर न ठेवतां थोडें थोडें त्याच बाजूस फिरवून ठेवीत गेलें, तर चळतीचे कोपरे गोल जिन्याप्रमाणें चढत जातात. सपाट रेणूंचेंहि असेंच होतें. पाण्याला नकोसा असलेला त्यांचा भाग पाण्यापासून लपण्यासाठीं दुसऱ्या रेणूच्या तशाच भागाला जाऊन बिलगतो. हायड्रोजनचे बंध त्यांना एकत्र बांधतात. ह्या ओढीमुळें ते एकावर एक रचले जातात. परंतु त्यांच्या कडांना लोंबणारे पुच्छभाग असतात, आणि ते एकमेकांच्या आड येतात. अडचण टाळण्यासाठीं वरचा रेणु किंचित् बाजूस वळतो, त्याच्यावरचा आणखी थोडा वळतो. जवळ येण्याची ओढ आणि पूर्ण जवळ येण्यास अडथळा ह्या दोहोंच्या तडजोडीचें नांव पीळ.

आतां खरा पेंच येतो. रेणु स्वतः डावा-उजवा नसेल, तर तो डावीकडे वळला काय आणि उजवीकडे वळला काय, अडचण सारखीच टळते. म्हणून अर्धीं मळसूत्रें डावीं आणि अर्धीं उजवीं होतात, आणि एकंदर परिणाम शून्य राहतो. तागाच्या दोन्ही जुड्या सारख्या ठेवतांच बोस ह्यांना जें दिसलें, तेंच येथें दिसतें. सर्व मळसूत्रें एकाच बाजूस वळावयाचीं, तर कोठून तरी कल मिळाला पाहिजे. तो कल किती अल्प असला तरी चालतो, हें गेल्या पन्नास वर्षांच्या आंतील संशोधनानें उघड केलें आहे.

न्यूयॉर्क शहरांतील मार्क ग्रीन ह्यांनीं १९८९ सालीं ज्या प्रयोगाचें वर्णन केलें, त्याला 'सार्जंट आणि शिपाई' असें नांव पडलें आहे. त्यांच्या लांब सांखळीतील बहुतेक दुव्यांना हात नव्हता. फार थोडे दुवे मात्र एकाच हाताचे होते. तरीहि सबंध सांखळी त्या थोड्यांच्या बाजूस वळली. हिंगोली हें एके काळीं हैदराबाद कॉन्टिन्जंट फौजेच्या छावणीचें गांव होतें, आणि कवाइतीच्या मैदानाला ही गोष्ट नवी नाहीं. शिपायाला डावीकडे वळणें आणि उजवीकडे वळणें सारखेंच. शेजारच्याच्या उलट वळणें मात्र जड जातें. म्हणून एका सार्जंटाचा कल रांगेच्या टोंकापर्यंत पोंचतो.

सार्जंट नसला तरी कधीं कधीं पहिला वळणारा शिपाईच सार्जंट ठरतो. सोडियम क्लोरेट हा असाच एक क्षार आहे. द्रावणांत त्याला हात नसतो, पण त्याचे स्फटिक डावे किंवा उजवे होतात. द्रावण संथ राहूं दिलें, तर दोन्ही जातींचे स्फटिक जवळ जवळ सारखे मिळतात. १९९० सालीं दिलीप कोंडेपुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत असें दाखविलें, कीं द्रावण सतत ढवळलें, तर एका भांड्यांतील जवळ जवळ सगळे स्फटिक एकाच हाताचे निघतात. प्रथम जो स्फटिक धरतो, त्याचे सूक्ष्म तुकडे ढवळण्यामुळें सर्वत्र पसरतात, आणि पुढची सर्व प्रजा त्या एकाची होते. तो डावा कीं उजवा, हें मात्र त्या त्या भांड्याच्या नशिबावर असतें. २००१ सालीं बार्सिलोना येथील संशोधकांनीं त्यापुढची पायरी गांठली. हात नसलेल्या पोर्फिरिन जातीच्या रेणूंची रास बनत असतां त्यांनीं द्रावणाला भोंवरा दिला. भोंवऱ्याची दिशा उलट करतांच राशीच्या पिळाची दिशाहि उलट झाली.

ह्या संशोधनांत महाराष्ट्राशेजारच्या गोव्याचाहि संबंध येतो. शेषनाथ भोसले आणि त्यांचे सहकारी मेलबर्न येथील आरएमआयटी विद्यापीठांत काम करीत असतां, २०१७ सालीं त्यांनीं हात नसलेल्या एका जातीच्या रेणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या रेणूंना कार्बनच्या सांखळीचीं पुच्छें होतीं. पुच्छांतील कार्बनांची संख्या विषम असली, कीं रेणूंचीं मळसूत्रें बनत. ती सम असली, कीं पीळ नसलेल्या सरळ पट्ट्या. पुढें भोसले ह्यांनीं गोवा विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून काम केलें. एका कार्बनाच्या कमीअधिकपणानें सबंध समुदायाची चाल बदलावी, ही गोष्ट ह्या विषयाचें मर्म सांगून जाते.

आलेला पीळ टिकतोहि. १९९९ सालीं जपानमध्यें याशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका सांखळीला, हात असलेल्या लहान रेणूंच्या संगतींत ठेवून, एका बाजूस वळविलें. नंतर त्यांनीं ते लहान रेणू काढून त्यांच्या जागीं हात नसलेले दुसरे बसविले. तरी सांखळीचा पीळ होता तसाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, असें मराठींत माणसाच्या स्वभावाविषयीं म्हणतात. येथें ती म्हण रसायनशाळेंत अक्षरशः खरी ठरली, आणि शास्त्रज्ञांनीं तिला नांव दिलें : पिळाची स्मृति.

हा सर्व विषय केवळ कौतुकाचा नाहीं. माणसाच्या शरीरांतील प्रथिनें आणि शर्करा एकेका हाताच्या आहेत. म्हणून शरीर हें डाव्या किंवा उजव्या हातमोज्यांनीं भरलेलें कोठार आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांत बाहेरून येणाऱ्या औषधाचा हात कोणता, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोंपेचें औषध विक्रीस आलें. पुढें तें अनेक देशांत पसरलें, आणि गरोदर स्त्रियांनाहि मळमळीवर दिलें गेलें. १९६१ सालीं तें जर्मनींत मागें घेण्यांत आलें. तोंपर्यंत जगांत सुमारें दहा हजार बालकें हातापायांच्या व्यंगांसह जन्मास आलीं होतीं. त्या औषधांत डावे आणि उजवे दोन्ही रेणू सारख्या प्रमाणांत होते. गर्भाला होणाऱ्या अपायाचा संबंध पुढें त्यांपैकीं एका हाताशीं जोडला गेला. परंतु केवळ दुसरा हात निवडून दिला असता, तरी संकट टळलें नसतें, कारण शरीरांत गेल्यावर एका हाताचा रेणु दुसऱ्या हाताचा होऊं शकतो. १९९२ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें असें धोरण जाहीर केलें, कीं नव्या औषधाच्या प्रत्येक हाताचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे. रेणूला एकट्यानें ओळखणें पुरेसें नाहीं. तो कोणाच्या संगतींत जाऊन काय होतो, हेंहि ओळखलें पाहिजे. ही शिकवण फार महागांत पडलेली आहे.

आतां बुडापेस्टच्या त्या परीक्षानळीकडे वळावयास हरकत नाहीं. प्रकाशाची लहरहि मळसूत्राप्रमाणें डावी किंवा उजवी फिरत जाऊं शकते. पीळ असलेला पदार्थ ह्या दोन प्रकारचा प्रकाश सारखा शोषीत नाहीं; फ्रान्समधील एमे कोताँ ह्यांनीं हें १८९५ सालीं दाखविलें होतें. एकट्या कुर्क्युमिनच्या द्रावणांत असा भेद दिसत नाहीं. अल्ब्युमिनच्या पोटांतील खांच मात्र डाव्या हाताच्या दुव्यांनीं घडलेली आणि म्हणून वांकडी आहे. त्या खांचेंत शिरतांना कुर्क्युमिनच्या लांबट रेणूला थोडें पिळून बसावें लागतें, आणि तें नेहमीं एकाच बाजूस. मग त्याचा पिवळा रंगहि प्रकाशाच्या दोन पिळांत भेद करूं लागतो. त्याच्या एकाहि अणूची अदलाबदल झालेली नसते. बदलते ती बसण्याची रीति. १८१५ सालच्या दोन शोधांची गांठ येथें पडली. बियोची प्रकाश-परीक्षा आणि पेल्तियेचें पिवळें द्रव्य एकाच नळींत आलें.

सजीव सृष्टीनें प्रथिनांसाठीं डावा आणि शर्करांसाठीं उजवाच हात कां निवडला, हा प्रश्न पाश्चरच्या काळापासून उभा आहे. सोडियम क्लोरेटच्या भांड्याप्रमाणें पहिल्या एका बीजाच्या योगायोगानें तसें झालें, कीं निसर्गाच्या मूळ नियमांतच कांहीं कल होता, ह्याचा निर्णय अद्याप लागलेला नाहीं. निर्णय कोणताहि लागो. त्या पहिल्या कलाचा वारसा आजच्या प्रत्येक सजीवाच्या ठायीं चालूं आहे. वसमतच्या काळ्या जमिनींत वाढणारें हळदीचें रोप तेलाचा रेणु एकाच हाताचा घडवितें, तेंहि त्या वारशानेंच. आणि तें रोप रंगाला हात देत नसलें, तरी माणसाच्या रक्तांतील प्रथिनाशीं गांठ पडली, कीं तो रंगहि पीळ घेतो. मोंढ्यांत मोडलेल्या हळकुंडाच्या त्या पिवळ्या कडेंत एवढा इतिहास सांठलेला आहे.